२६६६ च्या रॅमसोबत ३२०० ची रॅम लावली तर चालंल काय?

रंगपेटी_शाहूपुरी
मंगळवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी, एक अडचण आहे, जाणकारांनी जरा सांगा. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं डिझाईनचं छोटं दुकान आहे, फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुकं असली कामं. गणपती तोंडावर आलेत, तालमींची, म्हणजे मंडळांची, कामं सगळी एकदमच येऊन पडल्यात आणि पीसी नेमका आत्ताच रडायलाय. इंटेल आय५ १०४०० प्रोसेसर, एच४१० मदरबोर्ड, दोन स्लॉट, त्यातल्या एकात ८ जीबी डीडीआर४ २६६६ स्पीडची साधी हिरवी रॅम, पीसी घेतला तवापासनं तीच. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. कोरल, फोटोशॉप दोन्ही उघडं असतंय, शिवाय क्रोममध्ये व्हॉट्सॲप, कारण मंडळाची पोरं फोटो तिथंच पाठवतात, एकेका फ्लेक्सवर चाळीस-चाळीस कार्यकर्ते असतात आणि प्रत्येकाचं कटिंग करायचं असतंय. १० बाय २० ची फाईल घेतली की ब्रश ओढल्यावर रंग दोन-तीन सेकंदांनी उमटतोय. काल तर स्क्रॅच डिस्क भरली म्हणून मेसेज आला आणि दीड तासाचं काम गेलं, गिऱ्हाईक समोर बसलेलं.

आता मेव्हण्यानं त्याचा गेमिंग पीसी बदलला, डीडीआर५ वाला घेतला, त्याची जुनी ८ जीबी डीडीआर४ ३२०० ची एक रॅम मला दिली, वरनं काळं हीटसिंक, म्हणजे गरमी ओढणारी धातूची पट्टी, असलेली. मी म्हटलं बरं झालं, दुसरा स्लॉट मोकळाच आहे. पण लावायच्या आधी दोन ठिकाणी विचारलं तर एक दुकानदार म्हणतोय वेगवेगळ्या स्पीडच्या रॅम एकत्र लावल्या की बोर्ड जळतोय, दोन्ही नवीन घ्या. दुसरा म्हणतोय बिनधास्त लाव, दोन्ही ३२०० वर पळतील. दोघांचं एकदम तर खरं असू शकत नाही. बोर्ड गेला तर गणपतीचा सगळा सीझन गेला म्हणून हात लावायचं धाडस होईना. काय करू?

जुना_मिस्त्री
मंगळवार, रात्री ११:०५

भावा, आधी भीती काढून टाक. स्पीड वेगळं असल्यामुळं बोर्ड जळत नाही. राजारामपुरीत २० वर्षं झाली रिपेअरिंग करतोय, या कारणानं गेलेला एकपण बोर्ड माझ्या टेबलावर आलेला नाही. जे जळालेले आले ते वेगळ्याच कारणानं, कोण पीसी चालू ठेवून रॅम उपसतंय, कोण खाच बघत नाही आणि उलटी घालून जोर लावतंय. डीडीआर४ ला साधारण १.२ व्होल्ट लागतात, दोन्ही रॅमला तेवढेच मिळणार, मग जळायचं काय आहे त्यात.

आणि दुसरा म्हणाला ते पण खरं नाही, ३२०० वर पळणार नाहीत. सांगतो कसं. प्रत्येक रॅमवर एक बारकी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात, त्यात त्या रॅमची कुंडली लिहिलेली असते, किती जीबीची, कितीपर्यंत पळते, टायमिंग काय, म्हणजे डेटा द्यायला घड्याळाचे किती ठोके घेते. पीसी चालू केलास की बायोस, म्हणजे बोर्डमधला पीसी उठवणारा प्रोग्रॅम, सगळ्यात आधी दोघींची कुंडली वाचतो आणि दोघींना झेपेल असं एकच स्पीड धरतो. बैलजोडीतला एक बैल कितीपण दमदार असूदे, जू एकच आहे, हळू चालणाऱ्याच्या चालीनंच गाडी जाणार. टायमिंगचं पण तसंच, दोघीत जे सैल असंल ते धरायचं. एक रॅम २६६६ वर आणि दुसरी ३२०० वर असं कधीच होत नाही, हे डोक्यातनं काढ.

तुझ्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे जी त्या दोघांनी पण सांगितली नाही. आय५ १०४०० चा मेमरी कंट्रोलरच अधिकृतपणे २६६६ पर्यंतचा आहे आणि एच४१० बोर्डवर त्याच्या वर जाता येत नाही. म्हणजे उद्या तू दोन्ही कोऱ्या करकरीत ३२०० च्या आणल्यास तरी त्या २६६६ च्या वर पळणार नाहीत. मग दोन्ही नवीन घ्या म्हणणाऱ्याला पैसे कशाचे द्यायचे?

आता तुझं दुखणं कुठलं आहे ते बघू. १० बाय २० फूट, ७२ डीपीआयला काम करत असशील तर ८६४० बाय १७२८० पिक्सेल झाले, म्हणजे जवळजवळ १५ कोटी पिक्सेल. सीएमवायके मध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका पिक्सेलला ४ बाईट धरले तर एक पूर्ण भरलेला लेयर ६०० एमबीच्या आसपास जातो. असले पाच लेयर म्हणजे ३ जीबी, त्यावर फोटोशॉपची हिस्टरी, त्यावर विंडोज, क्रोम, कोरल, आणि ग्राफिक कार्ड नाही म्हणून डिस्प्लेसाठी पण वाटा ह्याच ८ जीबीतनं जातोय. रॅम भरली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतंय, तीच तुझी स्क्रॅच डिस्क, तिथं तुझे ते दोन-तीन सेकंद जातायत. हे स्पीडचं दुखणं नाही, जागेचं आहे. १६ जीबी झाली की लई फरक पडंल.

लावताना पीसी बंद कर, मागची वायर काढ, पॉवरचं बटण एकदा दाबून धर म्हणजे साठलेला करंट जातोय, केसच्या उघड्या लोखंडाला हात लाव आणि मग रॅमला हात लाव. दोन्ही बाजूची खिटी वाजली पाहिजे. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहील, मिनिटभर थांब, एखाद-दोनदा आपोआप रिस्टार्ट पण होईल, बोर्ड नवीन रॅम ओळखत असतोय, घाबरून लगेच बंद करू नको.

लेखापाल_ताई
बुधवार, सकाळी ९:४०

मिस्त्री दादा, तुमचं सगळं वाचलं, तुमचा अनुभव मोठा आहे, पण माझ्यावर जे बेतलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी घरून अकाउंटचं काम करते. दोन वर्षांपूर्वी ऐन मार्चमध्ये पीसी हळू झाला म्हणून एका दुकानातून ८ जीबीची सेकंडहँड रॅम घेऊन जुन्या २४०० वाल्यासोबत लावली. त्यांनी पण हेच सांगितलं होतं, काही होत नाही, चालतं. दोन दिवस छान चालला आणि मग ब्लू स्क्रीन यायला लागली, कधी दिवसातून एकदा, कधी तीनदा, काही नेमच नाही. मी रिस्टार्ट करून पुढे काम करत राहिले आणि तीच चूक झाली, कारण एका क्लायंटची डेटा फाईल खराब झाली आणि बॅकअप पण त्याच खराब फाईलचा घेतला गेला होता. तीन आठवड्यांच्या एंट्र्या मी आणि माझ्या बहिणीने बिलं समोर ठेवून पुन्हा मारल्या, ३१ तारखेपर्यंत रात्री दोन-दोनपर्यंत.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की जोडीने आलेल्या, एकाच पाकिटातल्या दोन रॅम घ्या. पैसे जास्त जाऊ देत. रंगपेटी, तुमचंही काम गिऱ्हाईकाचं आहे, स्वतःच्या करमणुकीचं नाही, तेव्हा विचार करून लावा.

जुना_मिस्त्री
बुधवार, दुपारी १:१५

ताई, वाचून वाईट वाटलं, मार्च एंडला असलं होणं म्हणजे काय असतंय ते मला ठाऊक आहे. पण तुमच्या बाबतीत स्पीड वेगळं होतं म्हणून ते झालं असं मला वाटत नाही. ती रॅमच आतनं खराब असणार, किंवा नीट बसलेली नसणार. खराब रॅम एकटी लावली असती तरी तिनं हेच केलं असतं. खरी चूक देणाऱ्याची, त्यानं टेस्ट न करता दिली आणि तुम्हाला पण टेस्ट करा म्हणून सांगितलं नाही. सेकंडहँड रॅम रात्रभर टेस्ट केल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचीच नाही, माझ्याकडं हा नियम आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर तर पाण्यातनं निघालेल्या पीसीचे पार्ट पुसून-बिसून बाजारात फिरायला लागले होते, वरनं चकाचक दिसायचे, त्या वेळेपासनं मी जास्तच कडक झालोय.

किटचं, म्हणजे एकाच पाकिटातल्या जोडीचं, तुम्ही म्हणताय ते एका ठिकाणी शंभर टक्के बरोबर आहे. ३६०० किंवा त्याच्या वरच्या स्पीडला रॅम पळवायच्या असतील, किंवा चारी स्लॉट भरायचे असतील, तर एकाच पाकिटातल्याच घ्याव्यात, कंपनी त्या एकत्र टेस्ट करून देते. तिथं वेगवेगळ्या जोडल्या तर त्रास होतोच. पण साध्या २४००, २६६६ च्या स्पीडला दोन्ही रॅम आपापल्या ताकदीच्या आत असतात.

रंगपेटी भावा, ताईंचं ऐकून एक कर, लावल्यावर कामाला बसायच्या आधी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर घालून रात्रभर लाव. फुकट आहे. एक जरी एरर आली तरी ती रॅम काढून मेव्हण्याला परत. एक एरर म्हणजे थोडीशी खराब असं काही नसतंय.

हॉस्टेलचा_पोरगा
बुधवार, दुपारी ३:३०

मध्येच विचारतोय म्हणून सॉरी पण माझा पण सेम प्रॉब्लेम आहे, नवीन धागा काढला नाही. शिवाजी विद्यापीठात शिकतोय, पीसी रायझन ५ ५६००जी, ग्राफिक कार्ड घ्यायचं बजेट नाही, आतल्या ग्राफिक्सवरच गेम आणि थोडं ब्लेंडर. सध्या ८ जीबी ३२०० ची एकच रॅम आहे. मित्राकडं ८ जीबी २४०० पडून आहे, स्वस्तात देतोय. लावू का? ३२०० वरनं २४०० वर आलो तर गेम हळू होणार ना? चार स्लॉट आहेत बोर्डवर.

उद्यमनगर_कॅड
बुधवार, संध्याकाळी ७:५०

मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये कॅडचं काम बघतो, आमच्या ऑफिसातले सहा पीसी मीच सांभाळतो, त्यामुळे हे हिशोब बऱ्याचदा केलेत.

पोरा, तुझी आणि रंगपेटींची केस वरून सारखी दिसली तरी आतून वेगळी आहे. त्यांना जागा पाहिजे, तुला रस्ता रुंद पाहिजे. रायझनमधलं आतलं ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी बाळगत नाही, सगळं रॅममधनंच ओढतं. हिशोब सोपा आहे, रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता म्हणजे चॅनल, एका चॅनलमधनं एका वेळेला ८ बाईट जातात, त्याला स्पीडनं गुणायचं. ३२०० ची एकच रॅम म्हणजे ३२०० गुणिले ८, सेकंदाला २५.६ जीबी. दोन रॅम लावल्या की चॅनल दोन होतात, मग २४०० वर आलास तरी १९.२ च्या दुप्पट म्हणजे ३८.४. म्हणजे स्पीडचा आकडा खाली गेला आणि रस्ता मात्र दीडपट रुंद झाला! आकडा बघून लोक इथंच फसतात. एका रॅमवर कुढत बसण्यापेक्षा २४०० ची जोडी कधीही बरी.

पण तू विचारशील तर मी ती २४०० ची घेऊ नको म्हणेन. थोडे दिवस थांब, पैसे साठव आणि दुसरी ३२०० ची घे, तुझा प्रोसेसर ३२०० अधिकृतपणे घेतो, मग ५१.२ मिळतील. तुझ्या कामात हा फरक डोळ्याला दिसतो. मित्राची नुसती आठवडाभर वापरायला मिळाली तर लावून बघ, स्वतः अनुभव घे, म्हणजे ड्युअल चॅनल काय असतं ते कळेल. आणि चार स्लॉट असताना दोन रॅम शेजारी-शेजारी लावू नको, बहुतेक बोर्डवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात. सीपीयूपासून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डच्या पुस्तकात बघून खात्री कर. आमच्याच ऑफिसात एक पीसी जवळपास वर्षभर शेजारच्या दोन स्लॉटवर चालला होता, कुणाच्या लक्षातच आलं नाही, असेंब्ली उघडायला वेळ लागतो म्हणून ड्राफ्ट्समन रोज तक्रार करायचा आणि आम्ही प्रोसेसर जुना झाला म्हणून त्याला गप्प करायचो. त्याची माफी मागितली मी नंतर.

रंगपेटी_शाहूपुरी
बुधवार, रात्री ११:५५

मंडळी लावली. आणि दोन गोष्टी झाल्या. पहिल्यांदा डिस्प्लेच आला नाही. मिस्त्री दादा म्हणाले तसं मिनिटभर थांबलो, पाच मिनिटं थांबलो, पंखा फिरतोय पण स्क्रीन काळीच. छातीत धस्स झालं, म्हटलं तो दुकानदार खरं बोलत होता. जुनी एकटी लावली, चालू झाला. नवीन एकटी लावली, नाही. मग नीट बघितलं तर नवीन रॅमच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर होता, मेव्हण्यानं दोन महिने बाल्कनीतल्या कपाटात ठेवलेली आणि बाहेर आपला पाऊस तुम्हाला माहितीच आहे, भिंती पण घामेजल्यात. पोराचं खोडरबर घेऊन हलक्या हातानं घासली, कोरड्या ब्रशनं भुगा झाडला, पुन्हा दाबून बसवली, आणि चालू! १६ जीबी दिसायलाय.

पण दुसरी गोष्ट, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीला स्पीड २४०० दाखवतंय. आधी २६६७ होतं, मी कागदावर लिहून ठेवलेलं. २६६६ आणि ३२०० जोडली तर कमीत कमी २६६६ यायला पाहिजे ना? २४०० कुठनं आलं? दोघीतल्या एकीवर पण २४०० लिहिलेलं नाही. काही खराब झालंय काय? सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर १२०० च दाखवायलाय, ते बघून तर मी आणखीनच घाबरलो.

उद्यमनगर_कॅड
गुरुवार, सकाळी ८:१०

काही खराब झालेलं नाही, शांत व्हा. १२०० आणि २४०० एकच आहे. घड्याळ १२०० मेगाहर्ट्झनं चालतं आणि प्रत्येक ठोक्याला डेटा दोनदा जातो, डीडीआर मधला डबल तो हाच. पाकिटावर नेहमी दुप्पट केलेला आकडा छापतात.

२४०० कुठनं आलं ते सांगतो, हे फार लोकांना माहीत नसतं आणि हीटसिंकवाल्या गेमिंग रॅममध्ये हमखास होतं. तुमच्या काळ्या रॅमवर जे ३२०० लिहिलंय ते तिचं एक्सएमपी प्रोफाईल आहे, म्हणजे कंपनी म्हणते की १.३५ व्होल्ट देऊन, बायोसमध्ये ते प्रोफाईल मुद्दाम चालू करून ती ३२०० ला पळेल. पण त्याच एसपीडी चिपमध्ये तिचं साधं, जेडेक या संस्थेच्या मापाचं स्पीड वेगळं लिहिलेलं असतं आणि अशा रॅममध्ये ते बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० च असतं. बायोसला कुणी काही सांगितलं नाही तर तो साधी कुंडलीच वाचतो. म्हणजे तुमच्या जोडीत हळू बैल जुनी हिरवी रॅम नाहीच, दिसायला दांडगी आहे ती काळीच! खात्री करायची असेल तर सीपीयू-झेडमध्ये एसपीडीचा टॅब उघडा, स्लॉट बदलून दोन्ही बघा, काळ्या रॅमच्या कमाल बँडविड्थपुढे १२०० मेगाहर्ट्झ लिहिलेलं सापडेल आणि उजव्या टोकाला एक्सएमपीचा वेगळा रकाना असेल.

याउलट एखादी हीटसिंक नसलेली साधी ३२०० ची रॅम असती, जिच्यात ३२०० हेच जेडेकचं माप आहे, तर ती तुमच्या जुनीसोबत आपोआप २६६६ ला बसली असती. म्हणून पुढच्या वेळी कुणी रॅम घेताना नुसता मोठा आकडा बघू नका, १.२ व्होल्ट लिहिलंय का १.३५ ते बघा, त्यावरनं बरंच कळतं.

रंगपेटी_शाहूपुरी
गुरुवार, सकाळी १०:०५

बघितलं, अगदी तसंच आहे! काळ्यापुढं १२०० आणि एक्सएमपीच्या रकान्यात १६००. जीवात जीव आला. मग आता बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करू का हाताने २६६६ करू? का आहे तसं राहूदे?

जुना_मिस्त्री
गुरुवार, दुपारी १२:३०

कॅडवाल्यांनी बरोबर पकडलं, मी पहिल्या उत्तरात रॅमचा प्रकार विचारायला पाहिजे होता, काळं हीटसिंक तू लिहिलेलं होतंस.

माझं स्पष्ट मत, सीझन संपेपर्यंत हात लावू नको. हिशोब बघ. २४०० ला दोन चॅनल म्हणजे सेकंदाला ३८.४ जीबी, २६६६ ला दोन चॅनल म्हणजे ४२.६ च्या आसपास. तू आधी एका रॅमवर २१.३ वर होतास. मोठी उडी तू मारून बसलायस, राहिलंय ते थोडं. आणि उशीर म्हणशील, म्हणजे मागणी केल्यावर पहिला डेटा यायला लागणारा वेळ, तर २६६६ ला सीएल १९, म्हणजे १९ ठोके, म्हणून साधारण १४.२५ नॅनोसेकंद, २४०० ला सीएल १७ म्हणजे १४.१७. तिथं तर काहीच गेलेलं नाही, उलट केसभर बरंच आहे. थोडक्यासाठी दोन वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वयाच्या रॅमना त्यांच्या मापाबाहेर ढकलायचं, आणि ते पण तालमीचं काम पुढ्यात असताना, मला पटत नाही. एक्सएमपी तर नकोच, ते काळ्या रॅमसाठी लिहिलेलं प्रोफाईल आहे, हिरवीला १.३५ व्होल्टची सवय नाही आणि टायमिंग पण तिला झेपायचं नाही.

दसरा झाल्यावर निवांत असशील तेव्हा बायोसमध्ये फक्त स्पीड २६६६ कर, व्होल्टेज आणि टायमिंग ऑटोवरच ठेव, आणि पुन्हा रात्रभर टेस्ट घे. पीसी उठलाच नाही तर बोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून परत घाल, सगळं मूळपदावर येतंय.

लेखापाल_ताई
गुरुवार, दुपारी २:२०

रंगपेटी, मेमटेस्ट लावलीत का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाही तुम्ही. आणि काल रात्रीपासून नवीन रॅमवर ज्या फाईली सेव्ह केल्या त्या बाजूला ठेवा, त्यांचा बॅकअप जुन्या बॅकअपवर चढवू नका, टेस्ट होईपर्यंत तरी. मी त्याच ठिकाणी फसले होते.

आणि मिस्त्री दादा, तुम्ही म्हणालात ते पटलं मला. माझी ती रॅम अजून ड्रॉवरमध्ये आहे, आता ती एकटी लावून टेस्ट करून बघणार आहे, निदान कारण तरी कळेल.

रंगपेटी_शाहूपुरी
शुक्रवार, सकाळी ११:१५

ताई, काल दुकान बंद करताना लावली, सांगितलंत ते बरं झालं, मी कामाच्या गडबडीत विसरलोच होतो. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, सकाळी शटर उघडलं तर चारी पूर्ण, एरर शून्य. हिरव्या अक्षरात पास लिहिलेलं बघून देवाला हात जोडले. बुधवारी रात्री सेव्ह केलेल्या दोन फाईली होत्या, त्या वेगळ्याच ठेवलेल्या, आता उघडून लेयर न लेयर तपासल्या, व्यवस्थित आहेत.

२४०० वरच ठेवलंय. फोटोशॉपमध्ये सेटिंगला मेमरी किती वापरायची ते ७० टक्केच होतं, तसंच ठेवलं, कारण कोरलला पण लागतेच. सकाळी तीच १० बाय २० ची फाईल उघडली ज्यात परवा काम गेलं होतं. ब्रश ओढला की रंग बरोबर हाताखाली येतोय. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर सगळं उघडून साडेअकरा जीबी भरलेली, म्हणजे ८ मध्ये मी कसं काम करत होतो देव जाणे. एका तालमीचा फ्लेक्स तर अकराच्या आत पाठवून पण दिला.

दुकानदाराला जाऊन सांगणार आहे की बोर्ड जळला नाही म्हणून, भांडायला नाही, पुढच्या माणसाला त्यानं तसं सांगू नये म्हणून.

हॉस्टेलचा_पोरगा
शुक्रवार, दुपारी ४:४०

कॅड सर, मित्राची २४०० आठवड्यासाठी आणली आणि दुसऱ्या-चौथ्या स्लॉटला लावली. गेममध्ये जिथं अडकायचं तिथं आता अडकत नाही, खरंच दिसतोय फरक. तरी पण तुम्ही म्हणालात तशी ३२०० च घेणार, पुढच्या महिन्यात. १.२ व्होल्टवाली बघू का १.३५?

उद्यमनगर_कॅड
शुक्रवार, रात्री ८:२५

आधी तुझी आत्ताची कुठली आहे ते सीपीयू-झेडमध्ये बघ. साधी १.२ ची असेल तर तशीच दुसरी घे, काही न करता दोन्ही ३२०० ला बसतील. एक्सएमपीवाली असेल तर शक्यतो तेच मॉडेल शोध, सीएलचा आकडा पण तोच बघ, आणि मग बायोसमध्ये प्रोफाईल चालू करून टेस्ट घे. पाकिटाचा फोटो इथं टाक घ्यायच्या आधी.

रंगपेटी_शाहूपुरी
शुक्रवार, रात्री १०:५०

मेमटेस्टचा पेनड्राईव्ह तयार करून दुकानात ठेवलाय. शाहूपुरीत, राजारामपुरीत कुणाला पाहिजे असंल तर घेऊन जावा, फक्त सकाळी परत आणून द्या.